खांद्याची कंडरा फाटलीय, मालीश चालू ठेवू का?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी ५१ वर्षांची आहे. कोल्हापुरात घरून जेवणाचे डबे देते, रोजच्या दीडशे चपात्या मीच लाटते. चार महिन्यांपासून उजवा खांदा दुखतोय. हात वर केला की दंडाच्या बाहेरच्या बाजूला कळ येते, वेणी घालता येत नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. सोनोग्राफीत ‘सुप्रास्पायनेटस टेंडनला पार्शल टिअर’ असं आलंय. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि फिजिओथेरपी सांगितली. तिथे दहा दिवस नुसतं मशीन लावलं, व्यायाम काहीच दिला नाही. मग भावजींनी त्यांच्या तालमीत मालीश करणाऱ्या मामांकडे नेलं. पहिल्या दोन वेळा एखाद-दुसरा दिवस खूप हलकं वाटलं. तिसऱ्या वेळी ‘गाठ फोडायला पाहिजे’ म्हणून त्यांनी अंगठ्यानं इतकं दाबलं की दंड काळानिळा पडला, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. अजून पाच-सहा वेळा यायला सांगितलंय. मालिशीनं फाटलेली शीर जुळते का? का आणखी फाटेल? ऑपरेशनची भीती वाटते आणि डबे बंद करणं परवडणारं नाही. काय करू?

सल्ला

ताई, आधी सरळ उत्तर देते. त्या दुखऱ्या जागेवर अंगठ्यानं रगडून घेणं आजपासून थांबवा. निळेपणा पूर्ण जाईपर्यंत तिथे कुणीच दाब द्यायचा नाही. मालिशीनं फाटलेली कंडरा (म्हणजे टेंडन, स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर; तुम्ही शीर म्हणता ती) जुळत नाही. पण म्हणून मालीश सगळी वाईट, असं मी म्हणणार नाही. पहिल्या दोन वेळा तुम्हाला हलकं वाटलं ते खरंच होतं, आणि त्या आरामाचा उपयोग करून घेता येतो. तो कसा करायचा हे सविस्तर लिहिते, कारण मालीश बरी की मशीन बरं या ओढाताणीत माणसं महिनोन्‌महिने घालवतात आणि ज्यानं कंडरा सुधारते ते करायचं राहूनच जातं.

पहिल्यांदा रिपोर्टची भीती कमी करू. दंडाच्या हाडाचा गोळा खांद्याच्या खोबणीत धरून ठेवायला चार स्नायू आहेत. सुप्रास्पायनेटस हा त्यातला वरचा. तो पाठीच्या फऱ्याच्या वरच्या भागातून निघतो, खांद्याच्या टोकाच्या हाडाखालून जातो आणि त्याची कंडरा दंडाच्या हाडाला वरून चिकटते. पार्शल टिअर म्हणजे कंडरेची पूर्ण जाडी तुटलेली नाही, काही धागेच उसवले आहेत. वय वाढतं तसे हे धागे झिजतात, आणि पुष्कळांच्या बाबतीत ते दुखतही नाही. अमेरिकेत १९९५ साली ज्यांचा खांदा अजिबात दुखत नव्हता अशा ९६ जणांचे एमआरआय काढले, तेव्हा ३४ टक्के लोकांच्या कंडरेत फाट सापडली. साठीच्या पुढच्यांत तर निम्म्याहून जास्त जणांत. तेव्हा रिपोर्टमधली फाट म्हणजे हात गेला असं मुळीच समजू नका. तुमचं दुखणं खरं आहे, पण ते फक्त त्या फाटीएवढं नाही. झिजलेल्या कंडरेवर तिला झेपेल त्याहून जास्त भार रोज पडतोय, आणि ती चिडलीय.

आता मालिशीकडे येते. कंडरेवर हातानं उपचार करण्याची पद्धत काही अडाणीपणाची नाही. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधले डॉक्टर जेम्स सिरिअक्स यांनी विसाव्या शतकात ती शास्त्रशुद्ध रीतीनं मांडली आणि आम्ही सगळे फिजिओथेरपिस्ट ती शिकतो. कंडरेचे धागे ज्या दिशेनं जातात त्याच्या आडव्या दिशेनं बोटानं खोल घर्षण द्यायचं, अशी ती पद्धत. सुप्रास्पायनेटससाठी माणसाला टेकून बसवतात आणि त्याचा हात कमरेमागे ठेवायला लावतात. कारण हात नुसता बाजूला लोंबत असेल तर ही कंडरा हाडाच्या छताखाली दडलेली असते. हात मागे नेला की ती थोडी पुढे येते आणि बोटाला सापडते. तर्जनीवर मधलं बोट ठेवून तिथे दाब देतात. तेल लावत नाहीत, कारण बोट कातडीवर घसरून चालत नाही, कातडीसकट आतल्या धाग्यांवरून हलावं लागतं. सुरुवातीला थोडं दुखतं, पण दोन-तीन मिनिटांत ती जागा बधिर झाल्यासारखी व्हायला हवी. दुखणं कमी न होता वाढत गेलं, तर हात काढून घ्यायचा. दोन वेळांमध्ये निदान एक दिवस मोकळा ठेवायचा. सांध्यात ताजी सूज असेल, कंडरेत चुना साठला असेल, संधिवात असेल, तर ही पद्धत वापरायचीच नाही, हे सिरिअक्स यांनीच सांगून ठेवलं आहे.

हे एवढं बारकाईनं लिहिलं, कारण तुमच्यावर जे झालं ते आणि हे, यात किती अंतर आहे ते तुम्हाला कळावं. तुमची कळ येते दंडाच्या बाहेरच्या बाजूला. कंडरा आहे तिच्या चांगलीच वर. खांद्याच्या कंडरेचं दुखणं खाली दंडात जाणवतं, हे अगदी नेहमीचं आहे. म्हणजे जिथे दुखतं तिथे तेल लावून अंगठा रोवला, तर दाब पडतो दंडाच्या वरच्या जाड स्नायूवर आणि त्याच्याखालच्या हाडावर. कंडरेला त्याचा पत्ताही नसतो. आणि जी गाठ म्हणून हाताला लागली ती बहुधा दुखण्यामुळे आखडलेला स्नायू असावा. तो फोडायचा नसतो, सैल होऊ द्यायचा असतो.

सिरिअक्स यांची समजूत अशी होती की घर्षणानं आतली चिकटलेली जागा सुटते आणि धागे नीट रचले जातात. पुढे या पद्धतीच्या चाचण्या झाल्या. कोक्रेन ही जगभरचे वैद्यकीय पुरावे तपासून बघणारी संस्था आहे. कोपराच्या आणि गुडघ्याच्या कंडरांवर या घर्षणाचा फायदा होतो का, हे तिनं तपासलं आणि २०१४ साली सांगितलं की फायदा होतो असं म्हणायला पुरेसा आधार नाही. २०१६ मध्ये तिनंच खांद्याच्या याच दुखण्यावर हाताचे उपचार आणि व्यायाम यांच्या ६० चाचण्या एकत्र पाहिल्या. त्यातल्या बहुतेक चाचण्या कच्च्या निघाल्या. एक चांगली चाचणी मेलबर्नची होती, २०१० सालची, १२० लोकांवर केलेली. अर्ध्या लोकांना दहा आठवडे हाताचे उपचार आणि व्यायाम दिले. बाकीच्यांना बंद ठेवलेलं अल्ट्रासाऊंड मशीन फिरवून साधं जेल लावलं. दहा आठवड्यांनी दोन्हीकडे जवळपास सारखाच आराम होता. फरक दिसला तो त्याच्याही पुढे, २२ व्या आठवड्यात. व्यायाम चालू ठेवलेल्यांचा हात जास्त चालायला लागला होता आणि जोरही वाढला होता.

या एका चाचणीत तुमच्या दोन्ही अनुभवांचं उत्तर आहे. कुणी आपुलकीनं लक्ष दिलं, अंगाला हात लावला, काहीतरी उपचार चालू आहे असं वाटलं, की दुखणं काही काळ उतरतं. यात खोटं काही नाही. दुखरा भाग सांभाळायला मान आणि खांदा आखडून धरलेले असतात, हाताच्या स्पर्शानं ते सैल पडतात, आणि मेंदूकडे जाणारा दुखण्याचा निरोप काही तास मंद होतो. पण कंडरेचे धागे तयार होतात ते तिच्यावर बेतानं भार पडल्यावर. थोडा भार, मग विसावा, मग किंचित जास्त भार. हे काम दुसऱ्याचा हात करू शकत नाही, तुमच्याच स्नायूला करावं लागतं. आणि म्हणूनच मला मशीन लावून परत पाठवणाऱ्यांचाही तितकाच राग येतो. दहा दिवस गेले आणि तुम्हाला एकही व्यायाम शिकवला नाही, ही फिजिओथेरपी नव्हे.

तालमीतल्या मामांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. कसून मेहनत केलेल्या पैलवानाचं अंग मोकळं करणं ही कला आहे आणि कोल्हापूरनं ती पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. पण तो पैलवान पंचविशीतला असतो, त्याचे स्नायू धडधाकट असतात आणि दमलेले असतात. त्या अंगाला सोसणारा दाब पन्नाशीतल्या झिजलेल्या कंडरेला सोसत नाही. भावजींना हे असंच सांगा. मामांचा हात चांगला आहे, पण हे दुखणं वेगळं आहे.

आणखी फाटेल का, हा तुमचा दुसरा प्रश्न. नुसत्या बोटाच्या दाबानं कंडरा तुटणं अवघड आहे, ती भीती काढून टाका. धोका असतो तो हात ओढून झटका देण्यात, मागे पिरगळण्यात, किंवा ‘सांधा बसवतो’ म्हणून जोरानं वर नेण्यात. तसं कुणालाही करू देऊ नका. दंड काळानिळा पडला म्हणजे कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्या. आठ-पंधरा दिवसांत तो रंग पिवळट होऊन जाईल. मात्र तुम्ही रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेत असाल, वॉरफरिन किंवा क्लोपिडोग्रेलसारख्या, तर खोल मालीश अजिबात नको आणि हा निळेपणा डॉक्टरांना दाखवा. नुकतंच खांद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर तिथे रगडणं नको. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीची अँटिबायोटिक घेतली असेल तरी डॉक्टरांना सांगा, कारण त्या औषधांनी कंडरा कमजोर होऊ शकतात.

साखर तपासली नसेल तर तपासून घ्या. मधुमेहात खांदा गोठण्याचं (फ्रोझन शोल्डर, म्हणजे सांधा आखडून हात हलेनासा होणं) प्रमाण जास्त असतं आणि ते दुखणं वेगळं आहे. घरीच एक गोष्ट करून बघा. कोपर बरगडीला चिकटवून काटकोनात वाकवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्या. डाव्या हाताएवढा जातो का? स्वतः नेता येत नसेल आणि दुसऱ्यानं हळूच नेला तरी मध्येच अडत असेल, तर खांदा गोठतोय का हे तपासायला हवं. तसं असेल तर पुढचे व्यायाम बदलतात.

आता चांगला हाताचा उपचार कसा असतो ते सांगते, म्हणजे पैसे कशाचे देतोय हे तुम्हाला कळेल. फिजिओथेरपिस्ट आधी तुमचा हात किती वर जातो, कुठे कळ येते, जोर किती लागतो हे पाहील. मग मानेपासून खांद्यापर्यंतचा वरचा स्नायू, छातीच्या पुढचा खांदा पुढे ओढणारा स्नायू, फऱ्याच्या आजूबाजूचा आणि काखेच्या मागचा भाग, यावर दहा-पंधरा मिनिटं सोसवेल अशा दाबानं काम करील. दाब असा हवा की ‘दुखतंय, पण बरं वाटतंय’ असं तुम्ही म्हणाल. श्वास रोखला जायला लागला, दात-ओठ खावे लागले, तर तो जास्त आहे, आणि तसं बोलून दाखवायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. मग तो पुन्हा हात वर करायला लावील. आधीपेक्षा सहज गेला, कमी दुखला, तर लगेच त्या मोकळ्या वेळात व्यायाम करून घेईल. मालिशीचा खरा उपयोग इथे आहे. तिनं दुखणं दोन-चार तास मवाळ होतं आणि तेवढ्यात कंडरेला भार देता येतो. नुसती मालीश करून घरी आलात आणि तशाच चपात्या लाटायला उभ्या राहिलात, तर तो आराम फुकट गेला.

फिजिओथेरपिस्टकडे परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. खाजगीत परवडत नसेल तर सरकारी किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग आहे का, याची चौकशी करा. आणि फार खेपा लागतात असंही नाही. इंग्लंडमध्ये ७०८ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, २०२१ साली तिचा निष्कर्ष आला. काहींना फिजिओथेरपिस्टनं सहा वेळांपर्यंत बोलावून व्यायाम वाढवत नेले, काहींना एकदाच नीट समजावून घरी करायचे व्यायाम लिहून दिले. वर्षाअखेर दोघांत फरक नव्हता. त्याच चाचणीत स्टिरॉइडचं इंजेक्शनही तपासलं होतं. त्यानं सुरुवातीच्या काही आठवड्यांत थोडा जास्त आराम पडला, वर्षाअखेर काही उरलं नाही. तेव्हा वीस-वीस सिटिंगचं पॅकेज कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. दोन-तीन खेपांत व्यायाम शिकून घ्या, महिन्यानं दाखवायला जा.

तोवर घरी सुरू करता येईल असं सांगते. पहिला आठवडा-दोन आठवडे दाराच्या चौकटीजवळ उभ्या राहा, कोपर अंगाला लावून वाकवा, मध्ये एक घडी केलेला टॉवेल धरा, आणि पंजाच्या मागच्या बाजूनं चौकटीला बाहेर ढकला. चौकट हलणार नाही, हातही हलणार नाही, स्नायू मात्र काम करील. निम्म्या जोरानं, अर्धा मिनिट, मग विसावा, असं चार-पाच वेळा, दिवसातून दोनदा. त्याच्याबरोबर ओट्यावर फडकं ठेवून दोन्ही हातांनी पुढे सरकवत न्यायचं आणि परत आणायचं, दहा वेळा. हे सोसायला लागलं की डाव्या कुशीवर झोपून, उजवं कोपर बरगडीवर टेकवून, हातात अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली धरून पंजा छताकडे उचलायचा. सावकाश वर, त्याहून सावकाश खाली. दहा-दहाचे तीन फेरे, एक दिवसाआड. नंतर उभं राहून, थोडं समोर आणि थोडं बाजूला अशा तिरक्या रेषेत, अंगठा वर ठेवून हात खांद्याएवढा उचलायचा, आधी रिकामा, मग बाटली घेऊन.

दुखलं तर? थोडं दुखेल आणि ते चालतं. दहापैकी तीन-चार इतपत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा नेहमीसारखा असला, तर प्रमाण बरोबर आहे. सकाळी जास्त ठणकत असेल तर जोर आणि फेरे कमी करा, बंद करू नका. या व्यायामांना किमान १२ आठवडे द्यावे लागतात. पहिल्या महिन्यात फारसा फरक वाटला नाही म्हणून पुष्कळ जणी सोडून देतात, आणि तिथेच फसगत होते.

डबे बंद करायची गरज नाही, पण काम करायची पद्धत बदलावी लागेल आणि हे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे. चपाती लाटताना तुमचे कोपर अंगापासून लांब, पंखासारखे उघडे राहतात का ते बघा. राहत असतील तर ओटा तुमच्या उंचीला जास्त आहे. पायाखाली भक्कम, न डुगडुगणारा पाट घ्या, म्हणजे कोपर अंगाजवळ येतील आणि लाटण्यावर दाब शरीराच्या वजनानं पडेल, खांद्यानं नव्हे. दीडशे चपात्या एका दमात लाटू नका, तीस-चाळीस झाल्या की भाजी, डबे भरणं असं दुसरं काम घ्या. कणीक मळायला तीन महिने घरातल्या कुणाला तरी लावा किंवा यंत्र घेता आलं तर घ्या. पिठाचे आणि तेलाचे डबे वरच्या फळीवरून कमरेच्या उंचीला आणा. रात्री डाव्या कुशीवर झोपा आणि उजवा हात पुढे उशीवर टेकवा. उताणं झोपत असाल तर कोपराखाली उशी ठेवा, हात मागे लोंबायला नको.

ऑपरेशनची भीती आत्ता तरी बाजूला ठेवा. पूर्ण जाडीची फाट असलेल्या, पण पडून वगैरे इजा न झालेल्या ४५२ रुग्णांना अमेरिकेत व्यायामाचा उपचार दिला, तेव्हा दोन वर्षांत त्यांच्यातल्या पाव भागाहूनही कमी लोकांनी ऑपरेशन करून घेतलं. तुमची फाट तर अपुरी आहे.

पण काही वेळा वाट पाहायची नसते. पडलात किंवा जड वस्तू उचलताना झटका बसला आणि त्यानंतर हात उचलताच येईना, तर ताबडतोब हाडांच्या डॉक्टरांकडे जा, कारण ताजी तुटलेली कंडरा शिवायला उशीर केला की ती आक्रसते आणि शिवणं अवघड होतं. ताप येऊन खांदा लाल-गरम झाला, हाताला मुंग्या येऊन पकड सैल पडली, विश्रांतीतही दुखणं वाढतच गेलं, वजन उगाच कमी होतंय, तरी थांबू नका. खांदा दुखताना छातीत दाब, घाम, धाप असेल तर ते खांद्याचं दुखणं समजून मालीश करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. १२ आठवडे मनापासून व्यायाम करूनही हात तसाच राहिला, तर पुन्हा तपासणी करून पुढचं ठरवता येईल.

आणि तेलाची मालीश मनापासून आवडत असेल तर तीही सोडू नका. अंघोळीआधी कोमट तिळाच्या तेलानं घरातल्या कुणाकडून तरी मान, फरे, पाठ हलक्या हातानं चोळून घ्या, दंडाची निळी जागा टाळून. मग गरम पाण्यानं अंघोळ, आणि अंग मोकळं आहे तोवर चौकटीजवळचा व्यायाम. चार आठवड्यांनी वेणी घालताना हात कुठवर जातो ते मला लिहून कळवा, त्यावरून पुढचे व्यायाम सांगते.